हेवी मेटलचा षड्ज कुणी लावला?

घरात पेटी असेल तर जरा उघडा. पांढरी पाच धरा आणि तिलाच सा माना. आधी खालचा सा, तो विरायच्या आत वरचा सा, आणि तिथून उतरून तीव्र मध्यमावर, म्हणजे काळी एकवर, थांबा. पंचमाकडे जाऊ नका. बोट तिथेच थरथरू द्या. लय अगदी संथ ठेवा.

‘ब्लॅक सॅबथ’ या बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० ला आली, शुक्रवार होता. तिच्यातलं पहिलं गाणं या तीन स्वरांनी सुरू होतं. गाण्याचं नाव ‘ब्लॅक सॅबथ’, रेकॉर्डचंही तेच. आधी पावसाचा आवाज येतो, मग लांबवर घंटा, आणि मग हे तीन स्वर अंगावर येतात.

तीव्र मध्यम आपल्या कानाला परका नाही. यमन त्याच्यावाचून उभाच राहत नाही. पण यमनात तो पंचमाच्या उंबऱ्याशी असतो, आता आत जाणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इथे दार उघडतच नाही. सा आणि तीव्र म समोरासमोर उभे राहतात आणि मधला ताण कुणी सोडवत नाही. युरोपातल्या जुन्या संगीतशिक्षकांनी ही जोडी टाळावी असं सांगून ठेवलं होतं. सॅबथचा बासवादक गीझर बटलर त्या दिवसांत होल्स्ट या इंग्लिश रचनाकाराच्या ग्रहमालेतला ‘मंगळ’ वाजवत बसायचा. होल्स्टचा मंगळ हा युद्धाचा देव, आणि त्या सुरावटीतही हाच ताण आहे. गिटारवादक टोनी आयोमीने त्यातून हे तीन स्वर उचलले.

क्लासिक रॉक ऐकणारी चार माणसं जमली की एक वाद हमखास निघतो: हेवी मेटलवर, म्हणजे रॉकच्या सगळ्यात जड, गुरगुरत्या गिटारींच्या शाखेवर, सगळ्यात मोठी छाप कोणाची? एक जण सॅबथ म्हणतो, दुसरा लेड झेपलिन, तिसरा डीप पर्पल, आणि चौथा गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं नाव घेऊन सगळ्यांना गप्प करू बघतो. मी हा वाद कॉलेजच्या कट्ट्यापासून घालत आलोय, आणि बरीच वर्षं झेपलिनच्या बाजूने घातला. मग मी प्रश्नच बदलला. थोर कोण, आधी कोण, हे विचारायचं सोडून दिलं. एकेक बँड इतिहासातून वजा करायचा आणि मागे मेटलचं काय उरतं ते बघायचं. असं केलं की वादातली भक्ती बाजूला पडते आणि कान कामाला लागतात.

त्याआधी मेटलची गिटार अशी गुरगुरते का, ते समजून घ्यायला हवं. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त जोराचा आवाज त्यात ढकलला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात. गोल डोंगराचं पठार व्हावं, तसं. अशा कापलेल्या लहरीत मूळ स्वराबरोबर ढीगभर उपस्वर जागे होतात. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की एका तारेतून कितीतरी स्वर झिणझिणतात. कारण वेगळं आहे, पण कानाला मिळणारी श्रीमंती त्याच जातीची.

आणखी एक गोष्ट घडते. दोन स्वर एकत्र वाजवले तर हा विस्कटलेला आवाज त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज-वजाबाकी करून नवेच स्वर जन्माला घालतो. समजा सा सेकंदाला २०० कंपनांचा आहे आणि प ३०० चा. दोघांतला फरक १००, म्हणजे त्या साच्या खालचा, सप्तकभर खोल सा. कुणी तार छेडलेली नसताना तो ऐकू येतो. गिटारवाले सा-प ही जोडी ‘पॉवर कॉर्ड’ म्हणून वाजवतात, आणि ती एवढी भरीव का वाटते याचं रहस्य या न वाजवलेल्या खर्जात आहे. त्याच आवाजात गंधार मिसळा, सगळं गढूळ होतं. म्हणून मेटलमध्ये गंधार सहसा गाळला जातो. तंबोऱ्याच्या तारांवर वाढलेल्या कानाला हे पटायला वेळ लागत नाही.

हा आवाज सॅबथने शोधला नाही. अमेरिकेत लिंक रे या गिटारवादकाने १९५८ मध्येच स्पीकरच्या कागदाला भोकं पाडून गिटार खरखरवली होती. लंडनमध्ये ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, आणि १९६४ साली ‘यू रिअली गॉट मी’मधून सा-पची ती जोडी धडाधड घरोघर पोहोचली. पश्चिम लंडनमध्ये जिम मार्शलचं ड्रम विकायचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणून येणाऱ्या गिटारवाल्यांना आणखी आवाज हवा होता, म्हणून त्याने ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. ‘द हू’चा पीट टाउनशेंड त्याच्याकडे आणखी ताकदीचे मागायला लागला, आणि त्यातून १०० वॅटचे ॲम्प्लिफायर आले. १९६६ ला हेंड्रिक्स लंडनला येऊन पोहोचला तेव्हा दारूगोळा तयारच होता. त्याच वर्षी ‘क्रीम’ हा बँड उभा राहिला. १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लू चीअर’ने ‘समरटाइम ब्लूज’ इतक्या जोरात वाजवलं की पहिली मेटल रेकॉर्ड तीच, असं म्हणणारे आजही भेटतात.

मी त्यांच्याशी सहमत नाही. या सगळ्यांनी आवाज वाढवला, पण वाजवत होते ते ब्लूजच. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. त्याची लय हेलकावे घेते, त्याचे स्वर मिंडेने सरकतात, आणि दुःख सांगतानाही ते माणसाशी बोलत असतं. मेटल ब्लूजच्याच पोटी जन्मलं, पण घर सोडून गेलं. ते घर कुणी सोडलं, वाद खरा तिथे आहे.

आता बर्मिंगहॅमला जाऊ. इंग्लंडच्या मध्यावरचं हे कारखान्यांचं शहर. तिथल्या ॲस्टन भागात सॅबथचे चौघे वाढले. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून त्याला तिथे उभं केलं. यंत्र खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा. तारा दाबायचा हात त्याचा उजवा.

डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितलं. कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची एक रेकॉर्ड आणून दिली. जँगोचा हात आगीत भाजला होता आणि तो जवळजवळ दोनच बोटांनी गिटार वाजवत असे. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिचा गोळा केला, तापल्या डागणीने त्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं, घासून घासून टोपीचा आकार आणला आणि तार निसटू नये म्हणून वर चामड्याचा तुकडा चिकटवला. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या या दोन टोप्या घालून तो वाजवायला लागला. प्लास्टिकखाली तार जाणवत नाही, म्हणून किती दाबायचं हे त्याला कानाने शिकावं लागलं. जाड तारा झेपेनात, तेव्हा त्याने बँजोच्या बारीक तारा चढवल्या. बोटं पसरून धरायचे मोठे कॉर्ड जमेनात, म्हणून दोन बोटांत मावणारी सा-पची जोडी त्याची मुख्य भाषा झाली.

पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिऑलिटी’ या तिसऱ्या रेकॉर्डपासून त्याने तारा तीन अर्धस्वरांनी उतरवल्या. म्हणजे गिटारची सगळ्यात खालची तार पांढरी तीनची, ती काळी एकवर आणली. तारा सैल झाल्या, बोटांना आराम मिळाला, आणि आवाज असा जड झाला की तोवर कुणी ऐकला नव्हता. आज जगभरातले मेटल बँड तारा उतरवून वाजवतात. त्यांची बोटं शाबूत आहेत, तरी सैल तारेचा तो जडपणा त्यांना हवा असतो. एका जखमी हाताची गरज पुढे एका अख्ख्या संगीतप्रकाराचा स्वभाव झाली. हे मला या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात मोठं सत्य वाटतं.

तरी सॅबथला सरसकट मेटल म्हणता येत नाही. पहिल्या रेकॉर्डवर ‘द विझर्ड’ आहे, त्यात गायक ऑझी ऑसबर्न माउथ ऑर्गन वाजवतो आणि गाणं चक्क ब्लूजच्या अंगाने जातं. ड्रमर बिल वॉर्डचे कान जॅझवर पोसलेले. त्याचा ठेका झुलतो. पण गाण्यांचा विषय बघा: युद्ध, वेड, अणुबॉम्ब, सैतानाची भीती. ‘वॉर पिग्ज’मध्ये सेनापती आणि राजकारणी चौकशीच्या पिंजऱ्यात उभे आहेत. त्याच काळात कॅलिफोर्नियातून केसात फुलं माळून प्रेमाचा निरोप येत होता. या मुलांच्या खिडकीतून कारखान्याची धुराडी दिसत होती.

लेड झेपलिनची पहिली रेकॉर्ड जानेवारी १९६९ ची, म्हणजे सॅबथच्या वर्षभर आधीची. झेपलिनवाल्यांचा हा हुकमी मुद्दा, आणि तो खरा आहे. ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’मध्ये गिटारवादक जिमी पेज ज्या वेगाने एकसारखे खाली फटके मारतो, त्याची नक्कल पुढे पंक आणि मेटल दोघांनीही केली. १९७० चं ‘इमिग्रंट साँग’ घोड्याच्या टापांसारखं दौडत येतं आणि व्हायकिंग समुद्रावर निघतात. पुढे मेटलमध्ये व्हायकिंगांची गलबतंच्या गलबतं आली, त्यांचा माग इथपर्यंत काढता येतो.

झेपलिनचं माझ्या मते सगळ्यात मोठं देणं ड्रममध्ये आहे. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ मोठ्याने लावा, जमलं तर अंधारात. १९७१ ची ही रेकॉर्ड करताना हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या घरात ड्रमर जॉन बॉनमचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि मायक्रोफोन वर, जिन्याच्या कठड्याजवळून, सोडले. तोवर ड्रमचा आवाज जवळून, कोरडा धरायची पद्धत. इथे घराच्या भिंतीच वाजायला लागल्या. ड्रम म्हणजे नुसता ठेका राहिला नाही, ती एक वास्तू झाली. मेटलचे ड्रम आज ज्या भव्यतेने ध्वनिमुद्रित होतात, त्यामागे तो जिना आहे.

पण झेपलिनचं मन एका जागी रमणारं नव्हतं. तिसऱ्या रेकॉर्डची एक अख्खी बाजू बहुतेक साध्या गिटारवर, लोकगीतांच्या वळणाची. १९७२ साली पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ स्टुडिओत वाजवून बघितली. ते ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात दोघे वाजवूनही गेले. त्यांची तहान ही अशी चहूदिशांची. मेटल मात्र हट्टी आहे, एकाच दिशेने खोल खणणारं. झेपलिनचा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, डोलतो. मेटलचा रिफ चाल करून येतो. झेपलिन वजा केला तर मेटल बरंच गरीब होईल, ऐंशीच्या दशकातले लांब केसांचे अमेरिकन बँड तर जवळजवळ पुसलेच जातील. पण मेटल नाहीसं होणार नाही.

डीप पर्पल या वादात कायम तिसऱ्या पाटावर बसतो, आणि हा अन्याय आहे. जून १९७० ला आलेली ‘इन रॉक’ ऐका. जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडला, आणि चर्चमध्ये शोभणारं वाद्य डरकाळ्या फोडायला लागलं. ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये इयान गिलनचा आवाज पायरी-पायरीने चढत जिथे पोहोचतो, तिथून मेटलच्या गायकीची एक अख्खी शाखा फुटते. ‘आयर्न मेडन’ या मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन शाळेत हे गाणं ऐकून वेडा झाला, हे तो स्वतः सांगतो. (या गाण्याची मूळ सुरावट सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या एका रचनेवरून घेतलेली, आणि तिचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. १९९५ साली पर्पल मुंबईत वाजवून गेले, त्या मैफलीचं चित्रीकरणही याच नावाने निघालं.)

पर्पलने मेटलला दोन गोष्टी दिल्या. पहिली द्रुत लय. ‘फायरबॉल’मध्ये इयान पेसने दोन्ही पायांखाली एकेक बास ड्रम घेऊन जी धाव घेतली, ती पुढे मेटलची ओळख बनली. दुसरी तयारी. ‘हायवे स्टार’मधला गिटारवादक रिची ब्लॅकमोरचा सोलो जुना जर्मन रचनाकार बाखच्या वळणाने रचलेला आहे, सपाट तानेसारखा स्वच्छ, आधी बसवलेला. ब्लूजचा गिटारवाला त्या क्षणी सुचेल ते बोलतो; ब्लॅकमोरने रियाज मांडून दाखवला. स्वीडनचा इंग्वे मालमस्टीन आणि त्याच्यामागून आलेले वेगवान बोटांचे सगळे वादक याच वाटेने गेले. १९७३ साली कोपनहेगनमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाने पर्पलची मैफल बघितली. पुढे त्याने ‘मेटॅलिका’ काढला. तो लार्स उलरिक.

पर्पल वजा केला तर मेटलचा वेग आणि चमक जाते. उरतं ते संथ आणि काळोखी. पण ते मेटलच असतं, आणि माझा निकाल इथेच लागतो. सॅबथ वजा करून बघा: झेपलिनचा जोम आहे, पर्पलची तयारी आहे, हेंड्रिक्सची आग आहे, आणि हे सगळं मिळून उत्तम हार्ड रॉक होतं. तो खर्ज, ते न सुटणारं तीव्र मध्यमाचं भय, तो विषयांचा अंधार कुठूनच येत नाही.

मात्र घर सोडायचं काम सॅबथने अर्धंच केलं होतं. ते पुरं केलं बर्मिंगहॅमच्याच ‘जुडास प्रीस्ट’ने. १९७६ च्या ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’मध्ये ब्लूज अजून अधूनमधून डोकावतो, १९८० च्या ‘ब्रिटिश स्टील’पर्यंत तो जवळपास नाहीसा झालेला असतो. हेलकावा गेला, धारदार कडा राहिल्या. दोन गिटारवादक, दोघेही पुढे, आणि मधोमध चामड्याच्या पोशाखात गायक रॉब हॅलफर्ड. मेटल आज दिसतं कसं, हे त्याने ठरवलं. लोक प्रीस्टला सॅबथचे वारसदार म्हणून मोकळे होतात. मला ते अपुरं वाटतं, कारण वजा करायचं ते कुणी वजा केलं, हेही एक निर्माणच आहे.

बाकीच्यांची देणी छोटी, पण नेमकी. दोन गिटारींनी एकच धून जोडीने, स्वरांचं अंतर राखून वाजवायची हे आयर्न मेडनने ‘विशबोन ॲश’ आणि ‘थिन लिझी’कडून घेतलं. ‘क्वीन’ला या वादात कुणी बोलावत नाही, पण १९७४ चं त्यांचं ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ आजच्या कानालाही थरारक वेगवान वाटतं, आणि मेटॅलिकाने ते वाजवून १९९१ ला ग्रॅमी मिळवलं. ‘मोटरहेड’ या बँडचा गायक लेमी स्वतःला शेवटपर्यंत रॉक अँड रोलवाला म्हणवत राहिला. त्याच्या १९७९ च्या ‘ओव्हरकिल’मधल्या ड्रमशिवाय मात्र थ्रॅश मेटलची, म्हणजे मेटलच्या अतिवेगवान शाखेची, कल्पनाच करता येत नाही.

आणि होल्स्टचा तो मंगळ? १९८० मध्ये ‘डायमंड हेड’ या इंग्लिश बँडने ‘ॲम आय ईव्हिल’ या गाण्याच्या तोंडाशी तोच पुन्हा आणला. मेटॅलिकाने ते गाणं आपलंसं केलं आणि पुढे जगभर वाजवलं.

५ जुलै २०२५ ला ॲस्टनमध्येच, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, सॅबथचे मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. ऑझी आजारी होता, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. त्याआधी दिवसभर मेटॅलिका, स्लेअर, पँटेरा, टूल, गोजिरा एकामागून एक येऊन सॅबथची गाणी वाजवून गेले. मध्येच ‘एरोस्मिथ’चा स्टीव्हन टायलर आला आणि त्याने झेपलिनचं ‘होल लॉटा लव्ह’ म्हटलं. मैदान त्यालाही तितकंच नाचलं. मग रात्री आयोमी, बोटांवर त्या टोप्या चढवून, ‘वॉर पिग्ज’ वाजवायला उभा राहिला. सतरा दिवसांनी ऑझी गेला.